बाबांच्या तोंडचं ‘तुला’

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी अनसिंगहून माहेरी, मालेगावला गेले. बाबा शिंपी. दातांत दोरा धरून बोलायची सवय, त्यामुळे अर्धे शब्द तोंडातच राहायचे.

जेवणं झाल्यावर धाकट्या भावाने सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. नवीन काही निघालं की आधी याच्या हातात. पडद्यावर बाबांचा फोटो आला. फोटोने पापण्या मिटल्या, ओठ हलवले. “कशी आहेस? मी इथे आनंदात आहे. तुला काही कमी पडणार नाही.” आवाज हुबेहूब बाबांचा. भावाने त्यांचे जुने व्हॉइस मेसेज कुठल्याशा ॲपला देऊन तो बनवला होता, आणि वाक्यं स्वतःच लिहिली होती.

काकू हुंदके देऊ लागली. मामा म्हणाले, “आणखी एक डाव लाव.” मला मात्र शिसारी आली.

भिंतीला टेकलेली आई म्हणाली, “बंद कर ते.”

“काहून? आता बाबा रोज बोलतीन तुह्यासंग.”

“हा तुहा बाप नोहे. त्यानं जलमात मले ‘तुला’ म्हटलं नाई. ‘तुले’ म्हने तो!”

भाऊ हसला. “बस, एवढंच? दोन मिन्टांत बदलून देतो.”

मी उठून टीव्हीची पिन उपटली. “मेलेल्या बापाच्या तोंडात आपले शब्द कोंबतं? लाज नाई वाटत?”

“तुले काय समजते यातलं? लोकं दुकानात येऊन मांगून राह्यले हे. त्याइले दाखवाले बाबाचाच व्हिडिओ ठेवला म्या.”

म्हणजे बाप दुकानात नमुना म्हणून लागला होता. आईने पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि माझ्यासोबत बसमध्ये येऊन बसली.

आठवड्याने मी त्याच्या दुकानात गेले. काउंटरवर बाबा गिऱ्हाइकांशी बोलत होते. आता ‘तुले’ म्हणत होते, पण तेही चुकीच्या जागी, परक्या गिऱ्हाइकांना. “पुसून टाक,” मी म्हटलं. “नाई पुसत,” तो म्हणाला. माझ्या दाराची पायरी चढू नकोस, असं त्याला गिऱ्हाइकांदेखत सांगून मी निघाले.

आई अजून माझ्याकडेच आहे. त्याचा फोन ती उचलत नाही. मला एका गोष्टीसाठी त्याला माफ करता येणार नाही: बाबांना आठवायला गेले की आता आधी तोच आवाज येतो, स्वच्छ, एकही शब्द न गिळणारा.