न खोललेलं इंजिन

वर्ध्याला आलो तेव्हा माझा समज होता की मला मराठी येतं. कामाच्या पहिल्याच सकाळी माझे मालक काकाजी गाडीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बोनेट खोल."

मी बोनेटकडे बघितलं. आमच्या कोकणात विहीर खोल असते, खाडी खोल असते, जेवायला बसला तर माझा मामा खोल असतो. हे बोनेट मला चांगलंच उथळ दिसत होतं. पण माणूस नवा, नोकरी त्याहून नवी. मी अदबीनं म्हणालो, "हो, तसं आहे थोडं."

काकाजी ओट्यावर बसलेल्या काकूंकडे वळले. "पाह्यलं? पोट्टं पागल आहे."

"मंग तं तुमच्यासंग जमते त्याचं," काकू म्हणाल्या.

इकडे खोलणं म्हणजे उघडणं, हे मला त्या दिवशी कळलं. याच एका शब्दावर आपली भाकरी टांगलेली आहे, हे कळायला थोडा वेळ लागला.

नववीत गणितानं मला सोडलं आणि मी शाळेला. मग ट्रकवर क्लीनर, मग बदली ड्रायव्हर. पाईपांचा ट्रक घेऊन देवळीला काकाजींच्या दुकानात आलो आणि तिथंच तापानं आडवा झालो. ट्रकवाला पाईप उतरवून गेला, मला उतरवून ठेवल्याचं त्याच्या लक्षात राहिलं की नाही देव जाणे. काकूंनी मला मुगाचं पाणी पाजलं, काकाजींनी दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर "आता जा" असं कोणी म्हणालंच नाही. पिपरी मेघेत त्यांचं एक घर होतं, त्याच्या मागची खोली आणि गाडीची किल्ली मला दिली. असे उपकार फेडायचे कसे ते मला येत नाही. मला येते ती फक्त काळजी. ती मी गाडीची करायला लागलो.

गाडी डिझेलची, सात जणांची, पांढरी. म्हणजे एके काळी पांढरी. तीन लाख किलोमीटरला टेकलेली, आणि तिचं इंजिन एकदाही खोललेलं नव्हतं. "मी जन्मात कधी सलाईन घेतली नाही," असं काही म्हातारे लग्नाच्या मांडवात सांगत फिरतात ना, तसे काकाजी सांगत फिरत. "इंजन नाई खोललं अजून. इचारा मिस्त्रीले."

त्यांच्या पुण्यातल्या मुलाला मात्र या कौतुकाचा कंटाळा आला होता. त्याला वडिलांसाठी आपोआप गिअर पडणारी नवी गाडी घ्यायची होती. गुडघे दुखले तरी काकाजी ती स्वतः चालवू शकले असते. मग ड्रायव्हर कशाला? तो काही वाईट बोलला नाही, हिशेबाचंच बोलला. शेवटी घरात ठराव झाला: इंजिन खोलावं लागेपर्यंत जुनी गाडी राहील. खोलावं लागलं की विकायची. ठराव माझ्यासमोरच झाला, चहाच्या वेळी. चहा मीच आणून दिला होता.

त्या दिवसापासून मी त्या इंजिनाशी असा वागायला लागलो की सख्ख्या आईला हेवा वाटावा. सकाळी चालू केलं की लगेच पळवायचं नाही, अंगात तेल फिरू द्यायचं. लांबून आलं की झटकन बंद करायचं नाही, थोडं घुरघुरू द्यायचं. कंपनी सांगते त्याच्या आधीच ऑईल बदलायचं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायचं नाही, कारण इकडच्या बोअरचं पाणी भगुण्यात उकळलं तरी पांढरा थर धरतं, मग इंजिनाच्या नसांचं काय होत असेल? आणि कापसाचे दिवस आले की रेडिएटरच्या जाळीतून तंतू वेचायचे. देवळीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या चालतात, त्यांची अर्धी रुई माणसांच्या नाकात आणि अर्धी आमच्या जाळीत. मी जुना दात घासायचा ब्रश घेऊन तिथं बसायचो.

काकाजी बघायचे. "कोकण्या, स्वतःचे दात घासतं का बे इतके?"

"वेळ मिळत नाही, काकाजी."

रात्री छातीत धडधडलं तरी मला वाटायचं, इंजिनाचं टॅपेट वाजतंय.

तीन लाख झाले की गिरडला टेकडीवरच्या बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवीन, असं काकू बोलून बसल्या होत्या. गाडीसाठी नवस बोललेल्या त्या एकट्याच नसतील, पण काकाजींना न विचारता बोलल्या होत्या, आणि काकाजींना ते ऐकून भरूनच आलं. आकडा फिरला तो मे महिन्यात. काकाजी, काकू, काकूंच्या दोन बहिणी आणि एका बहिणीचे यजमान, असे आम्ही निघालो. यजमानांचं वजन मी धरत नाही, पण इंजिनानं धरलं असणार.

टेकडीवर सगळं छान झालं. चादर चढली, फातेहा झाला, काकूंनी डोळे मिटून बराच वेळ काहीतरी सांगितलं. उतरून आल्यावर त्यांनी तिथून मिळालेलं हिरवं कापड काढलं आणि गाडीच्या तोंडाला बांधलं. जाळीवर आडवं, ताणून, दोन्हीकडे गाठ मारून. त्यावर झेंडूचे दोन जाड हार. थोडक्यात, ज्या जाळीतून मी वर्षभर एकेक तंतू वेचला, तिच्यावर अख्खं कापड.

मी तोंड उघडलं. काकू गाडीला हात जोडून उभ्या होत्या. मी तोंड मिटलं.

एसी चालू, बाहेर वैशाख. थोडं पुढं गेलो आणि तापमानाचा काटा हलला. मग आणखी हलला. आता सांगायचं काय? प्रसादाचं कापड काढा म्हणू? नवस फेडून आलेल्या बाईला? मी एसी बंद केला. मागून कुरकुर सुरू झाली. काटा ऐकेना. तेव्हा एका जुन्या ट्रकवाल्याची युक्ती आठवली: इंजिन तापलं की आतला हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता केबिनमध्ये निघून येते.

मी हीटर लावला.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात गरम हवा लागली तर माणूस शंका तरी काय घेणार? मग यजमान ओरडले, "अगं माय! आग लागली का व?"

"काऊन रे बाबू," काकू म्हणाल्या, "जिवंत भाजून राह्यला का आमाले?"

"इंजिनासाठी आहे, काकू."

"इंजनाले थंडी वाजून राह्यली?"

घामानं माझी पकड सुटायला लागली. गाडी बाजूला घेतली आणि समोर बघतच सांगितलं, "कापडानं हवा अडलीय. मला बोलायला भीती वाटली."

काकू उतरल्या. गाठी त्यांनीच सोडल्या, कापड डोळ्यांना लावलं, घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबाले गाडीच्या तोंडावर बसायची काय हौस आहे? सांगाचं ना मग!"

पण उशीर झाला होता. थांबत थांबत कशीबशी देवळी गाठली, तिथं मिस्त्रीनं ऑईलचं झाकण काढलं तर आत दुधाच्या चहासारखा फेस. तो चिंधीला हात पुसत म्हणाला, "हेड गॅस्केट गेली. पानी तेलात उतरलं. हेड खोला लागते, इंजनाचं वरचं झाकन."

'खोला.' मी दारातल्या कडुलिंबाच्या बुंध्याला टेकलो. पिपरीच्या खोलीतली माझी पेटी किती वेळात भरेल, याचा विचार मनात येऊनही गेला.

काकाजींचा चेहरा उतरला. पण हरणारा माणूस नव्हे. "हेड खोललं म्हंजे इंजन खोललं होते का?"

मिस्त्री डोकं खाजवायला लागला. "म्हनलं तं होते, नाई म्हनलं तं नाई."

पुण्याला फोन लागला. स्पीकरवर मुलगा म्हणाला, "बाबा, हेड म्हणजे इंजिनच. ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," काकाजी म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं, आणि मला त्या क्षणी त्यांचा त्यासाठी राग आला.

काकूंनी फोन हातातून घेतला. "काबे, मागच्या साली माह्या डोयाचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू काहाडला. आठवते?"

"हो आई."

"मंग मले खोलली म्हनशील का?"

काकूंनी फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला.

"बोल ना. माय खोलेल आहे का तुही?"

"आई, काहीतरीच काय…"

"डोयाले हात लावला म्हनून मी भंगारात गेली? पोट खोललं असतं तं गोष्ट येगळी. पोटाले याच्या हात नाई लागून राह्यला. काय गा, लागते का?"

मिस्त्रीनं जीभ चावली. "नाई काकू. खाली कायलेच हात लावत नाई. पिस्टन तसेच राह्यतात."

"ऐकलं? आन हे जे झालं, ते मी कापड बांधलं म्हनून झालं. इंजनाचा कसूर नाई, पोराचा नाई. तुले विकायचीच असन तं आधी मले विक."

मुलगा हसला. मनापासून की नाइलाजानं, स्पीकरवर कळत नाही. "ठीक आहे आई. हेड म्हणजे इंजिन नाही."

"नाईच," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. मोतीबिंदू ते इंजिन असा सगळा शास्त्रार्थ आटोपल्यासारख्या त्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

मी अजून बुंध्याशीच होतो. बोलायला गेलो तर रडू येईल आणि यजमान जन्मभर चिडवतील, म्हणून झाडाची साल सोलत उभा राहिलो.

"उभा काऊन आहे?" काकाजी खेकसले. "पाना दे त्याले. चौदा."

हत्यारांच्या पेटीतले आकडे मला धूसर दिसत होते; हाताला लागला तो पाना काढून दिला. मिस्त्रीनं तो उलटसुलट बघितला. बारा नंबरचा होता. मग स्वतःच वाकून चौदाचा घेतला.