हुंड्यातली गुलाबदाणी

मामंजींनी पेन्शन घेतली आणि त्यांना दोन नाद लागले, एक बागेचा आणि एक इतिहासाचा. सोलापुरात पाण्याची बोंब, त्यामुळे बाग काही धड येईना. इतिहासाला पाणी लागत नाही. तो जोमानं वाढला.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी वेळापूरची, लग्न होऊन या घरात येऊन मला तीन-चार वर्षं झाली होती. घरात सासू-सासरे, मी आणि माझे यजमान. यजमान मिलच्या कचेरीत होते. सकाळच्या भोंग्याला जायचे, संध्याकाळच्या भोंग्याला यायचे, त्यामुळे या हकिगतीत त्यांना फारसं काम नाही.

परसात डाळिंब लावायचं म्हणून मामंजींनी खड्डा खणायला एक गडी बोलावला होता. गुडघाभर खणून झाल्यावर त्याची पहार कशावर तरी ठणकन वाजली.

"मालक, हितं कायतरी हाय की," तो म्हणाला. "लई जड लागतंय."

निघालं ते तांब्याचं एक नळकांडं. हातभर लांब, हिरवंगार झालेलं. एका टोकाला निमुळतं, त्यावर पितळेची टोपी आणि टोपीला बारीक बारीक भोकं. दुसऱ्या टोकाला गंजलेल्या लोखंडाचा खुंट. हलवलं की आत माती खुळखुळायची.

"पिचकारीसारखं दिसतंय," मी म्हणाले.

मामंजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सूनबाई, रंगपंचमीची पिचकारी कुणी जमिनीत पुरून ठेवतं का?"

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्या वस्तूकडे एकदा पाहिलं, "भाकरी करपेल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामंजी ती वस्तू उपरण्यात गुंडाळून जुन्या भांड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं ती उलटीसुलटी केली, बोटानं वाजवली आणि म्हणाला, "साहब, माल असली है. किसका है, वो अल्ला जाने. मोडीत देते क्या?"

मामंजी तापूनच घरी आले. "इतिहास मोडीत काढायला निघाला होता लेकाचा!"

मग त्यांनी हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या एका मास्तरांना बोलावलं. मास्तरांना आदिलशाहीचं वेड होतं. गावातली कुठलीही पडकी भिंत बघितली की त्यांना तिच्यामागे सुलतान दिसायचा. त्यांनी भिंग लावून टोपीची भोकं मोजली, डोळे मिटले आणि विचारलं, "सोलापूरचा किल्ला म्हणजे काय?"

"काय?" मामंजी म्हणाले.

"हुंडा! विजापूर आणि अहमदनगरच्या सुलतानांच्या सोयरिकीत मागितलेला, दिलेला, परत घेतलेला हुंडा. आता तुम्हीच विचार करा. जो बाप लेकीच्या लग्नात किल्ला देतो, तो साधी गुलाबदाणी देणार नाही?"

मामंजींनी विचार केला. देणार नाही असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

"पण गुलाबदाणी एवढी मोठी असते का?" मी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"हत्तीवरून शिंपडायची असली तर?" मास्तर म्हणाले.

हत्ती मध्ये आल्यावर माणसानं काय बोलायचं? गुलाबदाणी ठरली. वाचनालयात मामंजींचं व्याख्यान ठरलं, आणि व्याख्यानानंतर ती वस्तू वाचनालयाला अर्पण करायची हेही ठरलं. मामंजी रोज आरशासमोर उभे राहून "रसिक सोलापूरकरहो" म्हणू लागले.

व्याख्यानाच्या आदल्या दुपारी त्यांनी गुलाबदाणी सासूबाईंच्या स्वाधीन केली. "आरशासारखी लख्ख झाली पाहिजे," असं बजावून ते भाषण पाठ करायला माडीवर गेले. आम्ही दोघी चिंच आणि राख घेऊन परसात बसलो. हिरवा थर निघू लागला तशी टोपीच्या खाली अक्षरं दिसू लागली. माहेरी भावाच्या पुस्तकांवरून मी इंग्रजी अक्षरं शिकले होते.

"सासूबाई, हे तर इंग्रजी आहे."

"असायचंच," घासणं न थांबवता त्या म्हणाल्या. "इंग्रजांचंच आहे ते. प्लेगचा पंप आहे. मीच पुरला होता इथं."

त्यांनी माझ्या हातातली चिंच काढून घेतली आणि घासता घासता सांगू लागल्या.

"तुझ्या नवऱ्याचा जन्म व्हायचा होता. माझी पहिली मुलगी तेव्हा नुकतीच गेली होती. प्लेगनं नव्हे, साध्या तापानं. तिची झबली, टोपडी, कुंची मी एका पेटीत ठेवली होती. मग गावात प्लेग आला आणि घरं धुवायला माणसं आली. या असल्या पंपांनी भिंतींवर औषध मारलं, धान्यावर मारलं, देवांवर मारलं. जुने कपडे जाळायचा हुकूम होता. त्यांनी पेटी उचलली आणि अंगणात पेटवली. उघडूनसुद्धा पाहिली नाही. मी पाया पडले त्यांच्या. तर एक जण म्हणतो, 'बाई, तुमचे यजमान आमच्याच कचेरीत आहेत, त्यांना विचारा. नियम आहे.'"

"मामंजी प्लेगच्या कचेरीत होते?"

"कारकून होते. तो हुकूम त्यांच्याच हातचा." त्यांनी राखेची नवी चिमूट घेतली. "मग त्या माणसांना शेजारून हाक आली. पंप हौदाजवळ ठेवून गेली. मी उचलला आणि पुरला. का म्हणशील तर मला सांगता येणार नाही. त्यांनी माझं नेलं होतं, मी त्यांचं ठेवून घेतलं."

"आणि मामंजींना कधीच कळलं नाही?"

यावर त्या हसल्या. "अगं, सरकारी पंप हरवला त्याची चौकशी त्यांच्याचकडे आली! सगळी पेठ पालथी घातली त्यांनी. बढती अडकली त्यापायी. रोज संध्याकाळी येऊन मला विचारायचे, कुणी नेला असेल गं?"

"तुम्ही काय सांगायच्या?"

"काय सांगणार? हातपाय धुऊन या, पान वाढलंय."

"पण मग आता त्यांनी ओळखला कसा नाही?"

"पाहिला असता तर ओळखला असता. त्यांनी तो नुसता कागदावर पाहिलेला."

पंप आता खरोखरच लख्ख झाला होता. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चार माणसांत त्यांचं हसं नको व्हायला. मी सांगते त्यांना."

संध्याकाळी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. मामंजींनी हातातला घास पानात ठेवला. त्यांनी विचारलं, "आणि नळी? पंपाला रबरी नळी होती."

"ती चुलीत घातली. चार दिवस घरभर वास होता. तुम्ही म्हणालात, डाळ लागली."

मामंजी पानावरून उठले. मला वाटलं, आता घरात काय होतंय देव जाणे. पण ते परसात जाऊन नुसते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानाला ते वेळेवर गेले. आम्ही दोघी मागे बायकांत बसलो होतो. मामंजी उभे राहिले आणि पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून म्हणाले, "मंडळी, ही गुलाबदाणी नव्हे. हा प्लेगच्या वेळचा औषध मारायचा पंप आहे. मी कारकून असताना हरवला होता. तो माझ्याच परसात सापडला. कुणी पुरला, याची चौकशी मी आता करणार नाही."

सभेत कुजबूज झाली. लोकांना गुलाबदाणी बघायची होती. प्लेग त्यांनी घरी पुष्कळ पाहिला होता. तेवढ्यात मास्तर उठले. म्हणाले, आमच्या मित्राचा हा विनय आहे. टोपीखाली इंग्रजी अक्षरं आहेत हे खरं, पण किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्यांनी आतल्या मालावर आपले शिक्के मारले नसतील कशावरून? टाळ्या पडल्या. मामंजींनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की स्वतःच्या दानाबद्दल माणसानं इतकं साशंक असू नये.

वस्तू काचेच्या कपाटात गेली. "आदिलशाही गुलाबदाणी, हुंड्यातली" अशी चिठ्ठी तिच्याखाली लागली. पुढे तर काही जणांना त्या भोकांतून अजून गुलाबाचा वास येऊ लागला.

"तुम्ही खरं बोललात ना?" घरी येताना सासूबाई म्हणाल्या. "मग झालं."

त्यानंतर आठवडाभरानं मी वाळलेले कपडे काढायला परसात गेले, तर दोघं पायरीवर बसले होते. मामंजी विचारत होते, "कुंची पिवळी होती ना?"

"पिवळं ते झबलं. कुंची हिरवी, लाल काठाची. माझ्या आईनं शिवलेली."

"टोपड्याला मोती होते."

"मणी होते. मोती कुठले आणणार होतात तुम्ही?"

असं बराच वेळ चाललं होतं. मी कपडे तसेच दोरीवर ठेवून आत आले. त्या मुलीचं नाव त्या घरात मी त्या दिवशी त्या दोघांच्या बोलण्यात पहिल्यांदा ऐकलं.