न झालेला शेवटचा अंक

डॉटकॉम कंपन्या बुडाल्यानंतरची काही वर्षं मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी संगीत नाटकं लिहिली. पहिल्या दोन अंकांत नवरा-बायको गाण्यांतून भांडायचे आणि लोक पोट धरून हसायचे. पण आरती लांबायची, भाषणं लांबायची, पडदा उशिरा उघडायचा, आणि भाड्याचा हॉल तर वेळेत रिकामा करावा लागायचा. मग सेक्रेटरी विंगेत येऊन म्हणायचे, “शेवटचा अंक कॅन्सल करू यार, जेवण थंड होतंय.” जेवणात श्रीखंड! ते कसलं थंड होतंय, कपाळ!

अजूनही कुणी भेटलं की म्हणतं, “काका, काय धमाल विनोदी लिहायचात!”

प्रत्येक नाटकाच्या शेवटी ती बायको बॅग भरून कायमची निघून जायची. जाताना ती जी भैरवी गाणार होती, ती कुणी ऐकलीच नाही.