बॉनेटवरची गोधडी

तमाम विवाहित पुरुषांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, थंडीत इंजिन गारठता कामा नये! परवा गॅरेजमध्ये तापलेल्या तेलाचा वास आला आणि मी थेट साठच्या दशकातल्या हॅम्बर्गला, माझा मित्र गोखले याच्या भाड्याच्या खोलीत पोचलो.

खोलीत प्लगची जागा एकच. तिथे एक तर खोलीचा हीटर लागे, नाही तर मोटारीचं इंजिन गरम ठेवणारा. त्या संध्याकाळी गोखल्याने खोलीचा हीटर काढला आणि इंजिनाची वायर खिडकीतून खाली सोडली. मग खिडकी लागेना. नुकत्याच पुण्याहून आलेल्या मालतीवहिनी, त्याची बायको, तापाने कुडकुडत होत्या.

"अहो, खिडकी तरी लावा."

"आणि सकाळी गाडी सुरू झाली नाही तर? इंजिन फार नाजूक असतं गं," असं म्हणत त्याने त्यांच्या अंगावरची गोधडी ओढली, खाली नेली आणि बॉनेटवर मायेने पांघरली.

तेव्हा मला ते निव्वळ प्रहसन वाटलं होतं. आज मात्र आधी वहिनींचे निळे ओठ दिसतात. त्या उठून खिडकीत उभ्या राहिल्या, हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "देवा, पुढचे सहा जन्म हाच नवरा दे, पण मला मोटार कर!"