कॅम्परच्या काकू

काकू त्यांच्या कॅम्परमध्ये शिरल्या की आधी गुडघे टेकून बसत आणि नाक पार जमिनीपाशी नेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई नमस्कार करताहेत. मीही मागे हात जोडून उभा राहिलो. त्या उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "हात कसले जोडतोस? हा प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचून राहतो. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही."

दोन हजार पाचच्या सुमारास मी आणि माझी बायको मीरा पुण्याहून हॉलंडमध्ये, रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलला राहायला आलो. काका-काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहत. काकू रॉटरडॅमच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत. काका बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि लगेच त्यांनी हौसेने तो जुना कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतला होता. मागे बिछाना, शेजारी ओटा, ओट्याखाली छोटासा गॅसचा ओव्हन. काका साऱ्या बिल्डिंगला गाडी दाखवत फिरले. काकू मात्र कितीतरी दिवस तिच्यात पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

कारण मला मीराकडून कळलं. काकूंची धाकटी बहीण लग्नानंतर वर्षभरातच सोलापूरला गॅसच्या भडक्यात गेली होती. रबरी नळीला चीर पडलेली, खोली बंद, आणि तिने काडी ओढली. घरचे सगळे नशिबाला बोल लावत राहिले. काकूंना ते कधी पटलं नाही. "नशीब नव्हतं, नळी होती," एवढंच त्या म्हणत, आणि विषय तिथेच थांबे. हॉलंडला आल्यावर त्यांनी घरात विजेचीच शेगडी ठेवली होती.

पण काकांचा हिरमुसलेला चेहरा त्यांना बघवेना. एका शनिवारी त्या स्वतःच गॅरेजवाल्याकडे गेल्या आणि ओव्हनचा एकेक भाग समजावून घेऊन आल्या. घरी येऊन काकांना म्हणाल्या, "गाडी तुम्ही चालवा. गॅसला हात मी लावणार. मला भीती वाटते ना, म्हणून मीच."

तेव्हापासून ओव्हन पेटवणं हे त्यांचं काम. आधी दार आणि छताची झडप उघडायची. सिलिंडरची चावी हळूहळू सोडायची. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर पुढे जायचंच नाही. ओव्हनचं दार उघडं ठेवून आधी काडी पेटवायची, ती बर्नरशी धरायची आणि मगच बटण दाबून फिरवायचं. ज्योत धरली तरी बटण थोडा वेळ दाबूनच ठेवायचं. विझली तर सगळं बंद करून, हवा खेळू देऊन, पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं चाललेलं असताना कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. काका तर गाडीबाहेर जाऊन उभे राहत. ज्योत निळी दिसली की काकू हाक मारत, "या आता!" मग तासाभराने गाडीभर नानकटाईचा वास सुटे.

त्या ऑक्टोबरात त्यांनी आम्हाला झीलंडला समुद्रकाठी नेलं. आमची सई तेव्हा जेमतेम वर्षाची. दुपारी पाऊस लागला, वारा नुसता बोचत होता. काका, मीरा आणि सई गाडीतच थांबले, काकू आणि मी छत्री घेऊन गावात दूध आणायला गेलो. परत आलो तर कॅम्परच्या काचा घामेजलेल्या. काकूंनी दार उघडलं. मीरा सईला कुशीत घेऊन बिछान्यावर पडली होती. "डोकं फार दुखतंय हो काकू," ती म्हणाली, पण शब्द जड येत होते. ओव्हनचं दार सताड उघडं, आत ज्योत पिवळी. आणि जमिनीलगतच्या हवेच्या जाळीत टॉवेल कोंबलेला.

 काकूंनी एका हाताने बटण बंद केलं, दुसऱ्या हाताने सईला उचललं. "मीराला बाहेर काढ! उचलून काढ!" त्या माझ्यावर ओरडल्या. काका तोल सावरत मागून उतरले. आम्ही सगळे पावसात, चिखलात उभे होतो. सई रडत नव्हती. काकू तिचा चेहरा पावसाकडे करून तिला हाका मारत होत्या. मग ती एकदम रडली. ते रडणं मी कधीच विसरणार नाही.

अँब्युलन्स आली, मीराला आणि सईला ऑक्सिजन दिला, दोघी सावरल्या. पोरीला थंडी वाजते म्हणून काकांनी ऊब करायला ओव्हन पेटवला होता आणि वारा आत येऊ नये म्हणून जाळी बुजवली होती. ते माझ्यासमोर हात जोडून रडायला लागले. "वास तर काहीच आला नाही रे," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

"हा गळलेला गॅस नव्हे, कोंडलेल्या ज्योतीचा कार्बन मोनॉक्साइड. याला वास नसतोच," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांना एका शब्दाने दुखावलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ओव्हनपुढे बसवलं, बर्नरवरची काजळी मऊ ब्रशने झाडायला लावली आणि काडी त्यांच्या हातात दिली. पहिल्या दोन काड्या काकांनी मोडल्या. काकूंनी त्यांचा हात धरला नाही. "सावकाश. मी इथेच आहे," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काका हृदयविकाराने गेले. काकूंनी नाशिकला परतायचं ठरवलं आणि कॅम्पर विकायला काढला. एनस्खेडेहून एक तरुण डच जोडपं आलं. व्यवहार झाला, पण काकू किल्ली देईनात. दोघांनी स्वतःच्या हाताने ओव्हन पेटवून दाखवल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं त्यांनी डचमध्ये ठणकावून सांगितलं. मुलाला जमलं. मुलगी काडी धरून तशीच बसून राहिली. "मला भीती वाटते," ती म्हणाली.

"चांगलं आहे. मलाही वाटते," काकू म्हणाल्या, आणि तिच्याशेजारी खाली बसल्या.

तिसऱ्यांदा ज्योत धरली. मुलीने काकूंना मिठी मारली. काकूंनी किल्ली दिली.

गाडी कालव्याच्या रस्त्याने वळून दिसेनाशी झाली, तरी काकू फुटपाथवरून हलल्या नाहीत. मी जवळ गेलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"ही गाडी लांब जाताना कशी दिसते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "मी नेहमी आतच असायचे. यांच्या शेजारी."