शकीलाबाजींच्या दारात वाजलेले ढोल

शकीलाबाजींची आणि माझी पहिली भेट अमरावतीच्या त्यांच्या संगीतोपचार केंद्रात झाली. मी अकोल्याचा तबलजी. काम मागायला गेलो आणि बसल्या बसल्या तबल्यावर एक दणदणीत कायदा वाजवून दाखवला. बाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हात चांगला हाय भाऊ. पन वाजवू का, हे तुमी कोनाले इचारलं?" मला वाटलं, बाई जरा विक्षिप्तच दिसतात.

त्यांना सगळे बाजी, म्हणजे थोरली ताई, म्हणतात. त्या मूळच्या परतवाड्याच्या, बांगड्यांच्या दुकानदारांच्या घरातल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या स्वमग्न मुलामाणसांपैकी पुष्कळांनी मार खाल्लेला असतो, कोंडून ठेवणं सोसलेलं असतं. बाजी त्यांना आधी बाहेर जायचं दार दाखवतात, मग पेटी समोर ठेवून वाजवू का म्हणून विचारतात. मान हलली नाही तर तो तास बिनसुराचाच जातो. एरवीही त्या अशाच वागतात. माझी आई गेली तेव्हा बाजी भेटायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बोलू, का नुसती बसू?" मी नुसतं बसा म्हणालो. संध्याकाळपर्यंत त्या बसून होत्या.

इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढून मी मात्र पालथा घडाच राहिलो. बाजींच्या सत्कार समितीचं म्हणणं, त्यांच्या गौरवग्रंथात पुढचा प्रसंग नको. पण मला लाज वाटते आहे, आणि ती झाकून बाजींची स्तुती लिहिणं मला जमणार नाही.

बाजींच्या साठाव्या वाढदिवशी त्यांना चकित करायचं म्हणून मी ढोल-ताशांचं पथक केंद्राच्या दारात आणलं. आत मोर्शीचा प्रमोद होता. तिशीतला हा स्वमग्न माणूस. लहानपणी एका वसतिगृहात त्याला वठणीवर आणायला कानाशी थाळी बडवत असत. बाजींकडे येऊन तो नुकता कुठे गुणगुणायला लागला होता. पहिला ठोका पडला आणि तो टेबलाखाली शिरला, कान दाबून ओरडत राहिला. आम्ही बाहेर आणखी जोरात वाजवत होतो, कारण बाजी बाहेर येत नव्हत्या.

त्या दिवसापासून प्रमोद केंद्रात आलेला नाही. बाजी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या दर रविवारी एसटीनं मोर्शीला जातात आणि मलाही नेतात. प्रमोद खोलीबाहेर येत नाही. त्याची आई एकदा म्हणाली, "बाई, तो बोलूनच नाही राहिला, तर तुमी काहून येता?"

"येते म्हनलं होतं ना मी त्याले," बाजी म्हणाल्या.

गेल्या रविवारी दाराआडून त्यानं विचारलं, "ढोल येईन?"

बाजींनी माझ्याकडे पाहिलं. सत्कार समारंभालाही मी तेच पथक ठरवलेलं होतं आणि भिडेपोटी अजून रद्द केलं नव्हतं. मला मान वर करवेना. अंगणात जाऊन समितीच्या अध्यक्षांना फोन केला, पथक नको म्हणून सांगितलं, त्यांचे चार शब्द ऐकून घेतले आणि परत येऊन म्हणालो, "नाही येनार, प्रमोद."

आता समारंभ ढोलांविना आणि टाळ्यांविना होईल. प्रमोद त्याला येणार नाही, आणि ते माझ्यामुळे. माझ्या हातून मोडलेलं सावरायला त्याला जितकी वर्षं लागतील तितकी, आणि वर आणखी पुष्कळ, ठणठणीत तब्येतीची वर्षं शकीलाबाजींना लाभोत. तो पुन्हा येईल तेव्हा केंद्राचं दार उघडायला बाजीच असाव्यात.