तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

"सावकाश सांगा. गेलेल्याला घाई नसते." असं म्हणून तात्या टाकाचं टोक डोक्याच्या केसांना पुसायचे आणि मगच दौतीत बुडवायचे. कल्याणच्या म्युनिसिपालिटीत जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या आणि त्यांच्या शेजारी मी बसायचो. तुम्हीही अशा माणसासमोर कधीतरी उभे राहिला असाल. घरचं माणूस मसणात पोचवून आलेले असता आणि समोरचा विचारतो, वय काय?

त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. नावं विचारणं त्यांचं काम होतं, सांगत सुटणं माझं नाही.

सरकारची नवी छापील वही आली, तिच्यात नाव, बाप, जात, वय, मरणाचं कारण असे रकाने आखलेले होते. एकही रिकामा ठेवायचा नाही, असा हुकूम. आता आपल्याकडे वय ठाऊक असतं कोणाला? तात्यांनी तोडगा काढला. आगगाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा माणूस केवढा होता, एवढं ते विचारत. खाडीपलीकडची एक म्हातारी नवऱ्याची नोंद द्यायला आली. ती म्हणाली, "गारीला भिऊन तो आंब्याव जाऊन बसला. मीनच उतरवला त्याला."

"म्हणजे लग्न झालेलं होतं," तात्या बोटं मोजत म्हणाले आणि साठ लिहून मोकळे झाले. मला हसू आवरेना.

"हसतोस काय गाढवा? हवेत गोळी मारण्यापेक्षा आंबा बरा."

मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला आणि आमचं हसणं बंद झालं. वरून नवा हुकूम निघाला की नुसतं 'ताप' लिहायचं नाही, गाठ होती का ते विचारून लिहायचं. गाठ होती असं वहीत चढलं की घरांत ऊन यावं म्हणून अख्ख्या आळीची कौलं उतरवायची, धूर करायचा आणि माणसं गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायची. त्या भीतीने जो तो साधा ताप सांगायचा. तात्या टाक खाली ठेवून विचारत, "गाठ होती?" मग पुन्हा विचारत. तिसऱ्यांदा विचारलं की बहुतेक जण रडत खरं सांगत. लोक त्यांना यमाचा कारकून म्हणू लागले. एकदा कोणी दारात शेण टाकलं.

"मी न लिहिल्याने गाठ जिरत असती तर वही मीच चुलीत घातली असती," एवढंच ते म्हणाले आणि शेण काढायला बसले.

माझा धाकटा भाऊ त्यातच गेला, तीन दिवसांत. खांदा द्यायला आळीतलं कोणी आलं नाही. तात्या आले. त्याला आंघोळ घालताना काखेतली गाठ त्यांच्याच हाताला लागली. ते पाणी ओतत राहिले.

दुपारी मी त्यांच्या टेबलाच्या पुढच्या बाजूला उभा राहिलो. घरी आई होती, दम्याने वाकलेली. उघड्या माळावरच्या झोपडीत ती चार दिवस काढणार नाही, याची मला खात्री होती.

"सावकाश सांगा," तात्या म्हणाले. सात वर्षं मला गाढवा म्हणणारा माणूस अहोजाहो करत होता.

"ताप," मी म्हटलं.

"गाठ होती?"

"नव्हती."

"गाठ होती?"

"तात्या, आई मरेल हो माझी."

 त्यांनी टाक केसांना पुसला आणि 'ताप' लिहिलं.

आमच्या आळीची कौलं जागच्या जागी राहिली. दहाव्या दिवशी शेजारची ठकी गेली. रोज माझ्या आईच्या मांडीवर बसून ताक प्यायची ती. तिच्या मागोमाग तिचा बाप गेला. ठकीची आई नोंद द्यायला आली आणि पहिल्याच प्रश्नाला "होती" म्हणाली. मी शेजारीच बसलो होतो. मला काही वाटलं नाही. खरंच सांगतो, काहीच वाटलं नाही. मी पुढच्या पानावर तारीख घालत होतो.

मग आळी रिकामी झालीच. आईलाही झोपडीत जावं लागलं. महिनाभर राहिली. तिला काही झालं नाही, उलट मोकळ्या हवेत तिचा दमा उतरला. पुढे चार वर्षं जगली.

आळी रिकामी झाल्यावर पंधरा दिवसांनी तात्यांनी मला घरी बोलावलं, वही घेऊन. ते अंथरुणावर होते, डोळे लाल.

"नोंद मागाहून भर, पण उत्तरं आत्ता घे. माझ्या बायकोवर खोटं बोलायची पाळी नको."

"वय?" मी विचारलं.

"आगगाडी आली तेव्हा पंतोजींनी शाळेला सुट्टी दिली होती. धर पन्नास."

पुढचा रकाना कारणाचा. मी वहीचं पान सारखं करत राहिलो.

"विचार रे. नियम आहे."

"गाठ होती?"

"आहे. जांघेत." मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. "तुला तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं रे," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. ती पोर..."

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या आळीची कौलं त्याच दुपारी उतरली. त्या आळीतून नंतर गाठीची एकही नोंद आली नाही.

आता त्या टेबलावर मी बसतो. जो येईल त्याला सावकाश सांगा म्हणतो आणि तीनदा विचारतो. लोक मलाही शिव्या देतात. कपाटातली जुनी वही कधीकधी काढतो. भावाच्या नावापुढे तात्यांच्या वळणदार अक्षरात 'ताप' आहे, दोन पानं पुढे ठकी. त्या 'ताप'वर बोट ठेवून बसतो. मला तिसऱ्यांदा विचारणारं कोणी उरलेलं नाही.